कोकणातील कातळशिल्पे आणि समुद्रकाठचा अनामिक कलावंत

मराठवाड्याच्या प्राचीन इतिहासात समुद्र येतो तो व्यापाराच्या वाटेने. लातूरच्या शेजारील धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात तगराहून भडोचला जाणाऱ्या मालामध्ये समुद्रकाठच्या प्रदेशांतून तेथे आलेल्या वस्तूंचाही उल्लेख आहे. तेरच्या उत्खननांत शंखाच्या बांगड्याही सापडल्या आहेत. परंतु हा शंख आपल्याकडे आला तो कापून कांकण करण्यासाठी. सागरी जीव प्रत्यक्ष पाहून त्याचे रूप दगडात उतरविणारा कलावंत महाराष्ट्रात शोधावयाचा झाल्यास कोकणातील जांभ्याच्या सड्यांवरच जावे लागते. त्याचे नाव, भाषा, कुळ यांपैकी काहीही ज्ञात नाही. तरीही तो इतिहासाचा विषय ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोकणात समुद्रकिनारा आणि सह्याद्री यांच्या दरम्यान जांभा खडकाची विस्तीर्ण पठारे आहेत. त्यांना सडा म्हणतात. या उघड्या कातळावर उथळ चर खोदून काढलेल्या आकृती ‘कातळशिल्पे’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांपैकी मोजक्याच आकृती गावकऱ्यांच्या परिचयाच्या होत्या; बहुसंख्य माती व गवताखाली दडलेल्या होत्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात हिवाळे व कुडोपी येथील शिल्पांकडे सतीश लळीत यांनी लक्ष वेधले. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारून शेकडो आकृतींची नोंद केली. या शोधाचे मोठे श्रेय स्थानिक अभ्यासकांच्या चिकाटीला जाते, ही बाब विद्यापीठीय इतिहासलेखनाने मोकळेपणाने मान्य करावयास हवी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत या शिल्पसमूहाचा समावेश झाला. त्यात रत्नागिरीतील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ अशी नऊ स्थळे आहेत.

या आकृतींत मनुष्य, हत्ती, वाघ, पक्षी आणि भौमितिक रचना आहेत. त्याचबरोबर मुशी, पाकट, कासव असे जलचरही आहेत. पाकटाचे उदाहरण विशेष बोलके आहे. हा मासा कडेने पाहिल्यास जवळजवळ एक रेघच दिसते. त्याचे पंखांसारखे पसरलेले अंग आणि लांब शेपटी ध्यानात येते ती वरून पाहिल्यावरच. उथळ पाण्यात उभे राहून, किंवा जाळ्यातून वाळूवर काढल्यावर, ज्याने हे जनावर निरखले आहे त्यालाच ते असे रेखाटता येईल. ऐकीव माहितीवर ही रेषा उमटणे कठीण आहे.

राजापूर तालुक्यातील कशेळी येथील शिल्प तर असामान्यच होय. सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद अशा हत्तीच्या आकृतीच्या आत भूचर आणि जलचर अशा अनेक प्राण्यांच्या लहान आकृती कोरलेल्या आहेत. वनातील सर्वांत मोठ्या प्राण्याच्या देहात समुद्रातील प्राणी का आले असावेत? यावर धार्मिक वा गणचिन्हविषयक अर्थ लादण्याचा मोह आवरलेला बरा. एवढे मात्र म्हणता येते, की रान आणि समुद्र हे या कलावंताच्या दृष्टीने दोन वेगळे प्रांत नव्हते. खाडी, सडा, किनारा आणि जंगल यांच्यात वर्षभर फिरून अन्न मिळविणाऱ्या समाजाला तसे ते वाटण्याचे कारणही नव्हते.

कालनिर्णयाचा प्रश्न अधिक अवघड आहे. राज्य पुरातत्त्व विभागाचे संचालक या नात्याने डॉ. तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये इ.स.पू. १०,००० च्या सुमाराचा प्राथमिक अंदाज मांडला. शिल्पांत शेतीचे चित्रण नाही, हा त्यामागील एक आधार होता. पुढे मात्र हा अंदाज अनेक ठिकाणी सिद्ध कालखंडासारखा उद्धृत होऊ लागला. हे घाईचे आहे. कोरलेल्या रेषेत रंग किंवा सेंद्रिय द्रव्य नसते, त्यामुळे तिला कार्बन कालमापन थेट लावता येत नाही. शिवाय शेतीचे चित्र नसणे म्हणजे शेतीच नसणे, असेही नव्हे.

येथे सागरी आकृती स्वतःच साक्षीदार म्हणून उपयोगी पडाव्यात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि १२,००० वर्षांपूर्वीही ती सुमारे ६० मीटर खाली होती. कोकणापुढील सागरतळ मंद उताराचा आहे; म्हणजे त्या काळी किनारा पश्चिमेस कित्येक किलोमीटर दूर असला पाहिजे. आज समुद्राला लागून असलेले कशेळी तेव्हा किनाऱ्यावरचे स्थळ नव्हते. शिल्पे तेवढी जुनी असतील तर पाकट आणि मुशी यांची आठवण मनात घेऊन कोणी लांबची वाट चालून सड्यावर आले, असे मानावे लागते. ती त्यानंतरची असतील, तर वर चढत आलेला समुद्र कलावंताच्या शेजारीच होता. यांपैकी कोणता पर्याय खरा, हे ठरविण्यासाठी प्रत्येक स्थळाचे किनाऱ्यापासूनचे अंतर आणि तेथील जलचरांचे प्रमाण एकत्र मांडून पाहावे लागेल. हे काम इतिहास, भूगोल आणि प्राणिशास्त्र या तिन्ही विभागांचे आहे. कोणताही एक विभाग ते एकट्याने करू शकणार नाही.

त्यासाठी शिल्पे मात्र शिल्लक राहावयास हवीत. घरबांधणीचे चिरे याच जांभ्यातून काढले जातात. खाणीचे यंत्र फिरले की आकृती आणि तिची जागा दोन्ही एकाच वेळी जातात. २०२३ मध्ये बारसू परिसरात प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा स्थानिकांच्या विरोधात या शिल्पांचाही प्रश्न पुढे आला. दोन वाघांमध्ये उभ्या असलेल्या मनुष्याचे प्रसिद्ध शिल्प याच बारसूच्या सड्यावर आहे. याउलट उक्षी येथे गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा उभारला. आता पाहणारा त्या कठड्याबाहेर उभा राहतो आणि त्याचा पाय रेषेवर पडत नाही.