ऊर, चेरी आणि जिनालय

'पेरियपुराणम्' या बाराव्या शतकातील तमिळ शैव ग्रंथात मदुरेला आठ हजार जैन श्रमण सुळावर गेल्याची कथा आहे. ज्ञानसंबंधराशी वादात ते हरले म्हणून ही शिक्षा. प्रसंग सातव्या शतकातला, सांगणारा पाचशे वर्षांनंतरचा. समकालीन पुरावा नाही. जेत्यांना असा आकडा मिरवावासा वाटावा, यातच बरेच काही आले. परंतु माझा प्रश्न सुळावर गेलेल्यांविषयी नाही. जे उरले, त्यांचे खेड्यात काय झाले?

जिंजी, तिंडिवनम, वंदवासी या भागातील गावांतून तमिळ बोलणारे दिगंबर जैन आजही राहतात. 'नयनार' ही त्यांची उपाधी आणि शेती हा मुख्य धंदा. मेल सित्तामूरला त्यांचा मठ आहे, पार्श्वनाथाचे मंदिर आहे, रथ आहे. गोपुर पाहून परका माणूस ते शिवाचे वा विष्णूचे देऊळच समजेल. २०११ च्या जनगणनेत सबंध तमिळनाडूत जैन लाखाच्या आत, आणि त्यांतही व्यापारासाठी आलेले मारवाडी-गुजराती धरलेले. धर्म हरला, संख्या नाममात्र उरली, तरी जमीन सुटली नाही आणि ऊर सुटले नाही. तमिळ खेड्यात सवर्णांची वस्ती ती ऊर, अस्पृश्यांची ती चेरी. नयनार ऊरमध्येच राहिले.

येथे बाबासाहेबांच्या १९४८ च्या 'द अनटचेबल्स'ची आठवण होते. पराभूत टोळ्यांतील वाताहत झालेली माणसे बौद्ध होती, ब्राह्मणाला मानीत नव्हती आणि त्यांनी गोमांस सोडले नाही, म्हणून ती अस्पृश्य ठरली, असा त्यांचा सिद्धान्त. नयनारांचे उदाहरण त्याला उलट बाजूने उजळते. वेद यांनीही मानला नव्हता. परंतु मांस यांच्या ताटात नव्हते आणि शेत यांच्या नावावर होते. नुसत्या पाखंडाने माणूस गावाबाहेर जात नाही, असे मला वाटते.

शिवाय जातीशी तडजोड जैन आचार्यांनी आधीच केली होती. राष्ट्रकूटांच्या राज्यात, नवव्या शतकात, जिनसेनांनी 'आदिपुराण' रचले. त्यात शूद्रांचे कारू व अकारू असे दोन भाग आहेत, आणि कारूंचे पुन्हा स्पृश्य व अस्पृश्य! अहिंसेच्या ग्रंथात ही वाटणी वाचून मला नवल वाटले नाही. आमच्या दक्षिण महाराष्ट्रातही जैन मोठ्या संख्येने शेतकरीच आहेत. माझे वडील अशाच एका घरी सालगडी होते. दिवा लावून जेवले तर किडामुंगी मरेल म्हणून त्या घरची जेवणे सूर्यास्ताआधी उरकत. वडिलांच्या ओंजळीत पाणी मात्र वरून पडे.

अयोतीदास पंडितर यांनी १८९८ साली मद्रास प्रांतात शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. परैयर हे मूळचे बौद्ध, असे त्यांचे म्हणणे. तमिळ देशात बौद्ध धर्म तेव्हा जवळजवळ नामशेष होता. दीक्षेसाठी त्यांना समुद्र ओलांडून सिलोनला जावे लागले. जैन धर्म तर जवळच, काही तासांच्या वाटेवर जिवंत होता, आणि तोही वेद न मानणारा, तोही तमिळ. तरीही चेरीतल्या माणसाने त्या गोपुराकडे पाठ फिरवली. ज्याच्या शेतात दिवसभर राबायचे, त्याच्याच देवळात संध्याकाळी मुक्ती कशी मागणार?