टिपणापासून लेयरपर्यंत: रत्नागिरीच्या जमीननकाशांतील रेषांचा प्रवास

संगणकावर आराखडे काढणाऱ्यांना एका आराखड्यातील लेयर दुसऱ्या आराखड्यात न्यायला आज काही क्षण पुरतात. परंतु एका कागदावरची रेषा दुसऱ्या कागदावर तिच्या खऱ्या जागी बसवण्याचा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे, आणि लहान हिस्से, तीव्र उतार व गुंतागुंतीची मालकी असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात तो दीडशे वर्षांहून अधिक काळ सोडवावा लागत आला आहे. लेयर म्हणजे एकाच आराखड्यातील हद्दी, रस्ते, ओढे, इमारती अशा निरनिराळ्या प्रकारच्या रेषा परस्परांपासून अलग ठेवण्याची सोय होय, आणि जमीनमोजणीच्या दफ्तरात ही सोय निराळ्या रूपात आधीपासूनच होती.

मुंबई इलाख्यातील सारापद्धतीसाठीची शास्त्रशुद्ध मोजणी १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी सुरू केली, १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले, आणि १८६० च्या दशकात ती रत्नागिरीत पोचली. येथे तिची गाठ खोतीशी पडली. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या खोतांनी या नव्या व्यवस्थेला कडवा विरोध केला व त्या संघर्षातून १८८० चा खोती कायदा आला. मोजणीचे तंत्र मात्र या वादापासून अलिप्त राहिले. ३३ फुटांची आणि १६ आण्यांत विभागलेली साखळी जमिनीवर पसरून एक पायारेषा धरायची, काटकोन दाखवणाऱ्या शंकूच्या साहाय्याने तिच्यापासून हद्दीच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब टाकायचा आणि दोन्ही अंतरे आकृतीवर आकड्यांत लिहून ठेवायची, अशी ही शंकूसाखळीची पद्धत होती. या आकृतीला टिपण म्हणतात. टिपण प्रमाणात काढलेले नसते, त्यामुळे अनभिज्ञाला ते ओबडधोबड वाटते. पण त्याचे मोल आकृतीत नसून आकड्यांत आहे, कारण साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, आणि तेवढ्या बारकाईने नोंदलेली हद्द त्या आकड्यांवरून केव्हाही, कोणत्याही प्रमाणात पुन्हा काढता येते.

गावनकाशाचे तसे नाही. अनेक गावनकाशे एक इंचास २० साखळ्या या प्रमाणात, म्हणजे १:७९२० या प्रमाणात काढले गेले. या कागदावरील एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर भरतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटर जाडीची शाईची रेषाच सुमारे चार मीटर रुंदीची पट्टी झाकून टाकते. सपाट प्रदेशातील मोठ्या शेतात हा फरक कदाचित खपून जाईल. रत्नागिरीत, जिथे वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या, जमिनीचा एकेक तुकडा भावकीत वाटला जातो आणि गडगा, म्हणजे जांभ्या दगडांचा रचलेला बांध, हीच हद्द मानली जाते, तिथे चार मीटरांत कलमांची एक ओळ मावू शकते. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर मालकीच्या नोंदी बारकाईने होऊ लागल्या आणि पोटहिश्श्यांची मोजणी, तिचे गुणाकार बुक व हिस्सा नमुना असे नवे कागद दफ्तरात आले. मूळ हद्द एका शाईने आणि नंतरची विभागणी दुसऱ्या शाईने दाखवण्याची रीत हीच लेयरची पूर्वपीठिका मानली पाहिजे, कारण कोणती रेषा कोणत्या काळाची हे त्या रंगावरून वाचता येत असे.

एका नकाशावरील रेषा दुसऱ्यावर नेण्याचे साधन दीर्घकाळ ट्रेसिंग कापड हे होते. खळ दिलेले हे पारदर्शक कापड मूळ कागदावर पसरून शाईने रेषा उतरवायच्या आणि त्यावरून निळ्या किंवा पुढे अमोनियाच्या प्रती काढायच्या, असा क्रम होता. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर खळीचे कापड आणि कागद दमट हवेत आकार बदलतात. म्हणून दोन नकाशे जुळवताना कडांवर नव्हे, तर दोन्हींवर निश्चितपणे ओळखता येणाऱ्या खुणांवर, हद्दीच्या दगडांवर, विसंबावे लागे. पुढे पॉलिएस्टर फिल्म आली, तिने ताणाचा दोष बराच कमी केला, आणि अशा अनेक फिल्म एकमेकींवर नेमक्या बसवून छापण्याची पद्धत परदेशी कचेऱ्यांत रुळली.

रेषा जुळवण्याच्या या कौशल्याची मोठी कसोटी कोकण रेल्वेने घेतली. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूर असा सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग आखला, आणि त्यासाठी ४०,००० हून अधिक जमीनधारकांची जमीन संपादित झाली. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवल पूल यांची कीर्ती रास्तच आहे. तथापि अभियंत्याची मार्गरेषा आणि महसूल खात्याची हद्दरेषा एकाच जमिनीवर एकत्र आणण्याचे काम त्याहून कमी मोलाचे नव्हते.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडने ट्रेसिंगचे थर संगणकाच्या पडद्यावर आणले. तेथे लेयर हा स्वतंत्र कागद नसून प्रत्येक रेषेला चिकटलेले नाव, रंग आणि रेषाप्रकार असतो. म्हणूनच रेषा नवीन आराखड्यात चिकटवली की तिचा लेयरही तिच्याबरोबर जातो. नवीन आराखड्यात त्याच नावाचा लेयर आधीच असेल, तर तेथील रंग व रेषाप्रकार कायम राहतात आणि आलेल्या रेषा ते रूप धारण करतात. मूळ निर्देशांकांवर चिकटवण्याची आज्ञा वापरली तरच रेषा आपल्या जागी बसते, आणि एक आराखडा फुटांत व दुसरा मीटरांत असेल तर तरीही ती चुकीच्या जागी जाऊ शकते. हद्दीच्या दगडाची जागा आता निर्देशांकांनी घेतली आहे, एवढाच या स्थित्यंतराचा गाभा.

भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या स्वामित्व योजनेने गावठाणांवर ड्रोन आणले. या कामात जुना गावनकाशा स्कॅन करून त्यावरून रेषा गिरवणे आणि तोच लेयर उपग्रहचित्रावर टाकणे हा सोपा मार्ग आहे. परंतु त्याने चार मीटरांची शाईची रेषा केसासारखी बारीक दिसते, अचूक होत नाही. मोजणीदारांनी पायारेषेवरून टाकलेले लंब जिथे टिपणांत शाबूत आहेत, तिथे हद्दीचा लेयर त्या आकड्यांवरूनच नव्याने काढला पाहिजे, गावनकाशाचा लेयर केवळ ताळ्यासाठी शेजारी ठेवला पाहिजे, आणि प्रत्येक लेयरच्या नावात त्याच्या मूळ कागदाचा प्रकार व मोजणीचे वर्ष नोंदवले पाहिजे. टिपणांची पाने जीर्ण होत चालली आहेत. म्हणून हे काम रत्नागिरीच्या दफ्तरखान्यांत सर्वांत आधी व्हायला हवे.