अजिंठ्याच्या छताच्या नकला

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आपण शिरतो ते पद्मपाणी पाहण्याकरिता. मान वर करून छत न्याहाळणारे थोडेच. वास्तविक त्या दालनाची खरी सजावट छतावरच आहे. लहानमोठ्या चौकटी पाडून त्यांत कमळे, हंस, फळे आणि झुंजणारी जनावरे भरली आहेत. दगडाखाली रंगीत कापडाचा चांदवा ताणला असावा, असा भास होतो.

या छताची कदर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी केली. त्यांच्या आधी, 1844 पासून, मेजर रॉबर्ट गिल येथे नकला काढीत होते. परंतु 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेले त्यांचे बहुतेक काम जळाले. ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात कामास येत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले प्रमुख. भिंतींवरील कथांइतकेच लक्ष या मंडळींनी छताच्या चौकटींकडे दिले, कारण ग्रिफिथ्सना त्यांत नक्षीकामाच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम नमुने दिसत होते. कलाशाळेच्या मातीच्या भांड्यांवरही अजिंठ्याची नक्षी उतरली, हे येथे सांगावयास हवे.

या नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. तेथेही 1885 मध्ये आग लागून बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला, हे एक बरे झाले.

मात्र या कामाला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवू नये असे आम्हांस वाटते. रंग उठून दिसावेत म्हणून नकला काढणाऱ्यांनी मूळ चित्रांवर व्हार्निश फासले. काळाने ते पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, आणि पुढे ते काढताना जपून जपून काम करावे लागले. म्हणजे ज्या हातांनी चित्र जतन केले त्यांनीच ते काळवंडले! तरी पेस्तनजींना व त्यांच्या सोबत्यांना आम्ही दोष देणार नाही. त्या काळी व्हार्निश हा चित्रकाराचा नित्याचा उपाय होता. छताचा जो पोपडा त्यानंतर गळून पडला, त्याचे रूप कोठे उरले असेल तर ते त्या मुंबईकर मुलांनी रंगविलेल्या कापडावरच.