मोगरीवर वळणारे रथ

आमच्या धंद्यात एक वाद कायमचा: गाडीला शिडीसारखी वेगळी चासी असावी, की गाडीच्या अंगानेच चासीचं काम करावं? मर्सिडीजने २०१८ साली जी-क्लास नव्याने काढली, पण शिडीची चासी सोडली नाही. लँड रोव्हरने पुढच्याच वर्षी नवी डिफेंडर दाखवली आणि चासीला रजा दिली. दोन्ही गाड्या श्रीमंतांच्या, दोघींचे भक्त एकमेकांना अडाणी समजणारे. माझी सगळी नोकरी पिंपरीत सस्पेन्शनच्या ड्रॉइंगांवर गेली, त्यामुळे तमिळनाडूत कुंभकोणमला बाकीची मंडळी गोपुरं बघत होती तेव्हा मी चाकं बघत होतो. हाच वाद इथे आठशे वर्षांपासून चालू आहे, फक्त गिऱ्हाईक देव आहे.

शहराच्या पश्चिमेला तीन-चार किलोमीटरवर दारासुरम. तिथलं ऐरावतेश्वराचं देऊळ दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलं. २००४ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. पुढच्या राजगंभीर मंडपाच्या जोत्याला दगडी चाकं आहेत आणि ती ओढणारे घोडे. म्हणजे मंडप हाच रथ, वेगळी चासी नाही. कोणार्कचा सूर्यरथ याच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झाला, हंपीचा तर त्याहून कितीतरी उशिरा. चाकाजवळ बसून पाहिलं तर तुंबा, आरे, पाटे सगळं जिथल्या तिथे आहे. बैलगाडी बनवणाऱ्या सुतारालाही नाव ठेवता येणार नाही.

हा रथ त्रिपुरासुराला मारायला निघालेल्या शंकराचा मानतात. पृथ्वी हा रथ, चंद्रसूर्य चाकं, ब्रह्मदेव सारथी. गणपतीला न विचारता निघाले म्हणून आख मोडला, असं तमिळ मुलखात सांगतात. तपासनिसाची सही न घेता गाडी बाहेर काढली की काय होतं, हे मला वेगळं सांगायला नको.

कुंभकोणमच्या आतलं शारंगपाणीचं देऊळ वैष्णवांचं. इथे गाभाराच रथाच्या आकाराचा, हत्तीघोडे जुंपलेला. त्याला दोन बाजूंनी दोन दारं: एक उत्तरायणाचं, एक दक्षिणायनाचं. सूर्याने बाजू बदलली की दारही बदलतं. या देवावर संतकवी तिरुमंगै आळवारांनी रचलेली कविताही रथाच्या आकारात मांडता येते: त्यातल्या संख्या एकापासून पायरीपायरीने सातापर्यंत चढतात आणि पुन्हा उतरतात. दगडाचा रथ झाला, शब्दांचा झाला, आणि चित्रै या तमिळ महिन्यात रस्त्यावर येतो तो लाकडाचा.

मला खरा रस या तिसऱ्यात. दगडी रथ करणाऱ्याने सगळे प्रश्न एका फटक्यात सोडवले: गाडी चालवायचीच नाही. लाकडी रथाच्या सुताराला ती सवलत नव्हती. त्याने खालचा भाग इलुप्पै, म्हणजे मोहाच्या, किंवा सागासारख्या जड लाकडाचा केला, थरावर थर चढवले आणि त्यावर देवदेवता कोरल्या. हा भाग कायमचा, हीच त्याची वेगळी चासी. वरचा उंच डोलारा मात्र दर उत्सवाला बांबू आणि रंगीत कापडाचा उभा करायचा. बघणाऱ्याला वाटतं मनोरा पडेल. पण सगळं वजन तळाशी आहे. रस्त्यावर धाक उंचीचा, तोल बुडाचा. असं डिझाइन आज कोणी माझ्यासमोर ठेवलं तर मी मुकाट्याने सही करीन.

या गाडीला सुकाणू नाही. दोर ओढणारी माणसं इंजिन. चाकाशी वाकून चालणारे काहीजण ब्रेकही आणि सुकाणूही: हातात लाकडाची भक्कम पाचर, ती नेमक्या क्षणी चाकाखाली सारायची. डावं चाक अडलं की रथ डावीकडे वळतो, दोन्ही अडली की थांबतो. हात मागे घ्यायला जरा उशीर झाला तर हात गेला. आपल्याकडे जळगावच्या रामरथालाही हेच चालतं. तिथे या पाचरेला मोगरी म्हणतात.

तिरुवारूरचा रथ तमिळनाडूतला सर्वांत मोठा, सजल्यावर ९६ फूट. त्याला तिरुचिरापल्लीच्या भेलने लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवले. बरं केलं. पण कोपऱ्यावर अजूनही तेल लावलेले पत्रे चाकांखाली टाकून तो सरकवावा लागतो. उंचीचे धोके वेगळेच: २०२२ च्या एप्रिलमध्ये तंजावरजवळ कळिमेडूला रथ विजेच्या तारेला लागला आणि ११ माणसं गेली. लाकडाच्या काळात रस्त्यावर तारा नव्हत्या, हे डिझाइन करणाऱ्याच्या हिशेबात कुठून येणार?

हा सगळा मुलूख पावणेदोनशे वर्षं तंजावरच्या भोसल्यांचा. व्यंकोजीराजांचा मुलगा शहाजी तिरुवारूरच्या त्यागराजाचा भक्त; त्याने या देवावर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ लिहिलं. एवढा मोठा रथ असलेल्या देवासाठी त्याला पालखी सुचली! यात मराठी स्वभाव शोधायचा मोह होतो, पण पालखीची सेवा तिकडच्या देवळांतही होतीच. तरी फरक आहेच. पालखी खांद्यावर मावते, गल्लीत शिरते, घाट चढते. रथाला गावच रुंद लागतं. म्हणून तिथल्या देवळांभोवती चारी बाजूंनी रथाच्याच मापाचे रस्ते आहेत.

उलट दिशेने, दक्षिणेकडून आपल्याकडे, माल आला तो तासगावला. हैदर-टिपूंशी लढलेल्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी तिथे गणपतीचं देऊळ बांधलं, त्याला दक्षिणी थाटाचं सात मजली गोपुर दिलं आणि ऋषिपंचमीला ओढायचा रथही. रथ तीन मजली, तिरुवारूरपुढे लहानच. गावाच्या रस्त्याला तेवढाच झेपला असता, आणि तो अजून दरवर्षी काशीविश्वेश्वरापर्यंत जाऊन परत येतो.