‘भूमिका’तली उषा म्हणजे हंसाबाई नव्हेत

श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट म्हणजे अभिनेत्री हंसा वाडकरांचं पडद्यावरचं चरित्र, असं चांगले जाणकारही बेधडक लिहून जातात. हंसाबाईंच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला आहे, हे खरं. स्मिता पाटीलच्या अभिनयाला मिळालेलं राष्ट्रीय पारितोषिकही रास्तच. आक्षेप आहे तो त्याला चरित्र म्हणण्याला.

चित्रपटाची मांडणीच पाहा. सुरुवातीला सेटवर लावणीच्या ढंगाचं नृत्य चाललेलं आहे. तिथून नायिका उषा घरी येते आणि तिच्या कमाईवर जगणाऱ्या नवऱ्याशी, केशवशी, भांडण पेटतं. पुढे तिच्या आयुष्यात येतात राजन, सुनील आणि काळे. अमरीश पुरींचा काळे तिला वाड्यात जवळपास कैद करतो. अखेर नवराच पोलीस घेऊन येतो. हॉटेलच्या खोलीत एकटी उरलेली उषा दाखवून चित्रपट थांबतो. पुरुष बदलतात तसे अंक बदलतात आणि अभिनय मागे राहतो.

हंसाबाईंचं आयुष्य मात्र तिथे थांबलं नव्हतं. काळेच्या वाड्यासारख्याच मराठवाड्यातल्या एका घरातून सुटून आल्यावर त्यांनी अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा चित्रपट केला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. म्हणजे त्यांचं सर्वांत गाजलेलं काम ‘भूमिका’ जिथे संपतो त्याच्या पुढचं आहे! त्याआधीची ‘संत सखू’ (१९४१) आणि ‘रामजोशी’तली (१९४७) बया तर सोडाच.

यावर कुणी म्हणेल, आत्मकथनातही पुरुष आणि दारू यांचाच पसारा आहे. आहे, आणि हंसाबाईंनी तो शब्दांकन करणाऱ्या अरुण साधूंना काही न लपवता सांगितला. पण त्याच पुस्तकाला नाव दिलं गेलं ते त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचं. स्वतःची ओळख सांगताना ही बाई कामाकडे बोट दाखवते, हे आपल्या नजरेतून कसं सुटतं?

दोष बेनेगलांना देता येत नाही. नायिकेचं नाव उषा ठेवून त्यांनी कलावंताचं स्वातंत्र्य उघडपणे घेतलं. उषाचा शेवट हंसाबाईंच्या नावावर मांडला तो आपण. हंसाबाई १९७१ सालीच गेल्या. त्यांना खुलासा करायची संधीच मिळाली नाही.

फिल्म सोसायट्यांना म्हणूनच विनंती आहे : ‘भूमिका’ जरूर दाखवा, पण त्याच कार्यक्रमात ‘रामजोशी’ही दाखवा.