कागद संपला नव्हता

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज आला. "तेल भरून ठेवा, पुढच्या आठवड्यापासून मिळणार नाही. माझ्या भावाचा मित्र होलसेलमध्ये आहे." हा भावाचा मित्र दर वेळी कुठेतरी असतोच. कधी होलसेलमध्ये, कधी मंत्रालयात, कधी बंदरावर. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये गेलो तर तेलाचा कप्पा अर्धा रिकामा. आणि खरं सांगतो, घरी दोन पिशव्या पडलेल्या असताना माझाही हात पुढे गेला.

हा हात पुढे का जातो, यावर दोन दिवस डोकं चालवतोय. त्यावरून जपानची एक पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

साल १९७३. ६ ऑक्टोबरला इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला, युद्ध पेटलं. पंधरा दिवसांच्या आत अरब देशांनी तेलाचं उत्पादन कमी करायला सुरुवात केली आणि भावही वाढवले. नवीन वर्ष उजाडेपर्यंत पिंपाचा भाव जवळपास चौपट झाला. जपानची अवस्था सगळ्यात वाईट, कारण स्वतःचं तेल नाहीच म्हणायला हरकत नाही आणि अख्खा देश तेलावर चालणारा. १९ ऑक्टोबरला तिथले उद्योगमंत्री नाकासोने टीव्हीवर आले आणि म्हणाले, कागद जपून वापरा. (हेच नाकासोने पुढे पंतप्रधान झाले.) कागदाच्या गिरण्यांना इंधन लागतं, म्हणून हा सल्ला. सल्ला चांगलाच होता. पण मंत्री 'जपून वापरा' म्हणाले की लोकांना काय ऐकू येतं, ते तुम्हाआम्हाला सांगायला नको.

ओसाका शहराच्या उत्तरेला सेन्री न्यू टाउन नावाची वसाहत आहे. सरकारने डोंगर सपाट करून वसवलेली, रांगेने चारपाच मजली इमारती, १९६२ पासून लोक राहायला आलेले. शेजारीच १९७० चं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. म्हणजे त्या काळच्या जपानचं अगदी स्वप्नातलं घर. ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागत होता, तेव्हा तिथल्या एका सुपरमार्केटने सेलची जाहिरात केली. त्यात लिहिलं होतं, कागद संपेल! दुकानदाराला म्हणायचं होतं की भाव इतका कमी आहे की आमचा माल संपून जाईल, लवकर या. साधी जाहिरातबाजी. वाचणाऱ्यांनी मात्र ते देशातला कागद संपेल असं वाचलं.

दुकानाबाहेर तीनशेच्या आसपास बायका रांगेत उभ्या राहिल्या. दोन तासांत टॉयलेट पेपरचे पाचशे पुडे संपले. मग दुकानाने नेहमीच्या भावाचा माल काढला, तोही संपला. वर्तमानपत्रांना बातमी लागली, आणि मग काय, रिकाम्या कप्प्याचा फोटो बघून दुसऱ्या गावातल्या बायका आपापल्या दुकानात धावल्या. जवळच्या अमागासाकी शहरात गर्दीच्या रेटारेटीत ८३ वर्षांच्या एका आजींचा पाय मोडला. मग साबणाची पावडर, साखर, मीठ, सोया सॉस, एकेक वस्तू गायब व्हायला लागली.

आपल्याला हसू येतं. तांब्या आणि मग वापरणाऱ्या देशाला टॉयलेट पेपरसाठी मारामारी कळणार कशी? मला पण आधी गंमतच वाटली होती. पण सेन्रीतली घरं नवी, म्हणजे संडास फ्लशचे. जुन्या घरात खड्ड्याचा संडास असायचा, तिथे वर्तमानपत्राचा तुकडा, जुनी वही, काहीही चालायचं. फ्लशच्या नळीत ते अडकतं आणि वरच्या चार मजल्यांची घाण खालच्याच्या घरात येते. ज्या बाईने नव्या घराचं स्वप्न पाहिलं होतं, तिच्यासाठी तो कागद ही चैन राहिली नव्हती. घर चालण्यासाठी लागणारी वस्तू झाली होती.

शिवाय त्याच वर्षी टोफूचा भाव भडकला होता. जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली, आणि जपानी स्वयंपाकघरात सोयाबीन म्हणजे आपली तूरडाळ समजा. म्हणजे त्या बायकांनी चार महिन्यांपूर्वीच बघितलं होतं की सरकार 'काळजी करू नका' म्हणतं आणि वस्तू महागते. पेपरवाल्यांनी त्यांना वेड्या ठरवलं. मला नाही पटत. अनुभवावरून शिकलेल्या बायका होत्या त्या. फक्त या वेळी त्यांचा अंदाज चुकला, कारण कागदाच्या गिरण्या व्यवस्थित चालू होत्या. टंचाई नव्हतीच.

मग कप्पे रिकामे कसे झाले? हिशोब अगदी सोपा आहे. समजा एका दुकानाला हजार घरं जोडलेली आहेत आणि प्रत्येक घर पंधरवड्याला एक पुडा नेतं. म्हणजे दिवसाला सत्तरेक पुडे. त्यातली तीनशेच घरं एका दिवशी आली तर चार दिवसांचा माल एका दुपारी गेला. प्रत्येकीने दोन पुडे नेले तर आठ दिवसांचा. यात लबाडी नाही, साठेबाजी नाही, कुणीही हावरट नाही. आणि टॉयलेट पेपर फुगीर वस्तू, जागा खाते, त्यामुळे दुकानदार फार माल ठेवतच नाही. बाकी दुनिया रिकामा कप्पा बघते आणि म्हणते, बघा, खरंच संपलं!

आता याच देशातली, त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. यात कागद आहे, पण नोटांचा.

डिसेंबर १९७३, आइची प्रांत. तीन शाळकरी मुली ट्रेनमधून घरी चालल्या होत्या. एकीला एका पतसंस्थेत नोकरी लागायची होती. दुसरी चिडवत म्हणाली, तिथे धोका असतो बाई. म्हणजे दरोडेखोर वगैरे येतात, या अर्थाने. मुलीने घरी विचारलं, घरच्यांनी नातेवाइकाला विचारलं, नातेवाइकाने आणखी कुणाला, आणि पाचसहा दिवसांत वाक्य झालं, तोयोकावा पतसंस्था बुडणार. मधे एका लाँड्रीवाल्याच्या दुकानात एक माणूस फोन करायला आला आणि 'तोयोकावामधून १२ लाख येन काढ' असं घरी सांगून गेला. त्याचं धंद्याचं काम होतं, त्याला अफवेचा पत्ताच नव्हता. लाँड्रीवाल्याने ऐकलं आणि ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. बँकेसमोर रांगा लागल्या. शंभर कोटी येनांहून जास्त ठेवी लोकांनी काढून नेल्या. पोलिसांनी नंतर ही सगळी साखळी एकेक माणूस धरत त्या ट्रेनमधल्या मुलींपर्यंत नेली. कुणाचाही हेतू वाईट निघाला नाही.

ते थांबलं कसं, ते बघा. पत्रकं काढली, मोठ्या अधिकाऱ्यांनी निवेदनं दिली, त्याने फार फरक पडला नाही. मग जपानच्या मध्यवर्ती बँकेकडून रोकड मागवली आणि मुख्य शाखेत तिजोरीसमोर, खिडकीतून लोकांना दिसेल अशी, मीटरभर उंच आणि पाच मीटर रुंद नोटांची भिंत रचली. रांगेतल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पैसे बघितले आणि तो घरी गेला.

टॉयलेट पेपरचंही तसंच. सरकारने साठेबाजीविरोधी कायद्यात कागदाचं नाव घातलं, डिसेंबरमध्ये नवा कायदा केला, १९७४ च्या सुरुवातीला चार गुंडाळ्यांचा भाव २४० येन असा बांधून दिला. माल दुकानात दिसत राहिला आणि मार्चपर्यंत सगळं शांत झालं. माळ्यावर रचलेला कागद मात्र लोकांना पुढे किती दिवस पुरला, देव जाणे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९७४ साली जपानमध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे नोव्हेंबरमध्ये ज्यांनी घर भरलं, त्यांचा हिशोब पूर्ण चुकला असंही नाही. म्हणूनच लोकांना 'मूर्ख आहात, घाबरू नका' असं सांगून उपयोग होत नाही. त्यांना माहीत असतं की कधीकधी घाबरणारा फायद्यात राहतो.

आता आपल्याकडे. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. युद्ध चालू, जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद. म्हणजे टंचाई खरी होती, सेन्रीसारखी हवेतली नाही. पण कार्डावर तुमच्या नावाचा वाटा लिहिलेला होता. कमी मिळेल, भेसळीचं मिळेल, पण मिळेल. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं मेली, आणि कलकत्त्यात रेशनिंग यायला १९४४ उजाडलं. आपल्या आजीपणजीच्या तोंडून 'रेशनचं किडकं धान्य' हा शब्द शिवीसारखा ऐकला असेल. त्या किडक्या धान्याची किंमत मला फार उशिरा कळली.

आणि जपानी बायका कागदासाठी रांगेत होत्या, त्याच काळात मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर होत्या. १९७२ चा दुष्काळ, तेल-डालडा-रॉकेल मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते. पक्ष वेगवेगळे, पण महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत सगळ्या एकत्र. थाळ्या वाजवत निघालेल्या त्या मोर्च्यांची मागणी सरळ होती: माल बाहेर काढा, रेशनवर द्या, भाव बांधा. त्यांनी एकेकटीने घरात साठा नाही केला. अर्थात बऱ्याच जणींना ते परवडणारही नव्हतं.

हे परवडण्याचंच माझ्या मनात राहून राहून येतं.

२४ मार्च २०२०, मंगळवार. रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण, मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. भाषण संपायच्या आत मी पिशव्या घेऊन खाली उतरलो होतो. डोंबिवलीतली आमची गल्ली तशी भरलेली मी गणपतीत पण बघितली नाही. कोपऱ्यावरचे किराणावाले काका हुशार. त्यांनी आतल्या गोण्या ओढून काढून दुकानासमोरच्या ओट्यावर रचल्या, सगळ्यांना दिसतील अशा, आणि ओरडून सांगितलं, "उद्या पण उघडणार आहे, एका घराला पाच किलो." अर्धी गर्दी पांगली. तोयोकावाचं नावसुद्धा त्यांनी ऐकलं नसेल.

मी पांगलो नाही. त्यांच्याकडून पाच किलो तूरडाळ घेतली, मग पुढच्या गल्लीतल्या दुकानातून आणखी पाच. वर साखर, रवा, पोहे. कार्ड होतं, खात्यात पैसे होते, घरात जागा होती.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्याच रांगेत मागे उभ्या होत्या, हे मला परत येताना दिसलं. महिन्याची चोवीस तारीख. पगार एक तारखेला. त्यांच्या हातात एक कापडी पिशवी आणि शंभराची नोट. मला बघून म्हणाल्या, "दादा, मिळाली का डाळ?" मी म्हटलं, मिळाली. त्यांचा नंबर येईपर्यंत त्या रात्रीची डाळ संपली होती. हे त्यांनी मला जूनमध्ये सांगितलं, कामावर परत आल्यावर, आणि तेही मी विचारलं म्हणून.

दुकान दुसऱ्या दिवशी उघडं होतं. तिसऱ्या दिवशीही. डाळ एकही आठवडा बंद पडली नाही. जुलैत डबा उघडला तेव्हा माझ्या दहा किलोतल्या साडेतीन किलोंना कीड लागली होती. बायकोने उन्हात घालून बघितली, पण नाही वाचली.