विसराळू सर्व्हर आणि फॉर्मची कुळकथा

रेल्वेचं तिकीट काढताना एका पानावर गाडी निवडायची, दुसऱ्यावर प्रवाशांची नावं भरायची, तिसऱ्यावर पैसे द्यायचे. आपल्या लेखी हा एकच व्यवहार. वेबची पानं ज्या नियमांनी ये-जा करतात, त्या एचटीटीपीच्या लेखी मात्र या सुट्या मागण्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही. खिडकीवर दर खेपेस नवा कारकून बसावा, तसा हा प्रकार. हा विसराळूपणा जन्मजात आहे, आणि एका पानावरची माहिती दुसऱ्यावर नेण्याच्या सगळ्या युक्त्या त्यातूनच निघाल्या.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत वेब उभारलं, तेव्हा 1991 च्या एचटीटीपीत हुकूम एकच होता: गेट. पान मागायचं, पान आलं की जोडणी तुटायची. हेतू दस्तऐवज वाचण्याचा असल्यामुळे लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच. वाचकाला फार तर शोधायचा शब्द लिहिता येई, आणि तो पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे चिकटून जाई.

1993 मध्ये चित्र पालटलं. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्राच्या मोझॅक ब्राउझरमध्ये रकाने, पर्याय आणि बटणं असलेले फॉर्म आले. भरलेली माहिती सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या हाती देण्यासाठी त्याच केंद्रात सीजीआय ही पद्धत ठरली. बांधणी साधी होती: 'नाव=मीरा&गाव=पुणे'. गेटने पाठवलं तर ही माळ पत्त्यातच दिसते. पोस्ट या दुसऱ्या हुकुमाने पाठवलं तर मागणीच्या पोटात जाते. पत्त्यात मात्र रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात. बाकी प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं अशा रूपात लिहावा लागतो. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून प, उकार, ण आणि मात्रा एवढाच ऐवज असलेलं 'पुणे' पत्त्यात 36 अक्षरं खातं.

आता प्रश्न तिसऱ्या पानाचा. पहिल्या पानावरची उत्तरं तिथवर न्यायची कशी? सर्व्हरने ती दुसऱ्या पानातच लपवलेल्या रकान्यांत लिहून द्यायची आणि पुढच्या खेपेस परत घ्यायची, हा पहिला तोडगा. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात, तिच्या नोव्हेंबर 1995 च्या एचटीएमएल 2.0 या आवृत्तीत त्याला अधिकृत जागा मिळाली. पण लपवलेला रकाना दडतो तो फक्त डोळ्यांपासून. काही दुकानांनी वस्तूची किंमतच त्यात ठेवली. पान उतरवून घ्यायचं, आकडा बदलायचा आणि फॉर्म धाडायचा, एवढ्यावर माल स्वस्तात निघू लागला.

दुसरा तोडगा 1994 चा. अर्धवट राहिलेल्या खरेदीचा हिशेब आपल्या सर्व्हरवर ठेवायला नेटस्केप या ब्राउझर कंपनीचं एक गिऱ्हाईक तयार नव्हतं. तेव्हा कंपनीतल्या लू मोंटुली यांनी कुकी काढली: सर्व्हरने दिलेली चिठ्ठी ब्राउझर जपतो आणि दर मागणीबरोबर परत दाखवतो. पुढे चिठ्ठीत नुसता एक क्रमांक आणि खरी माहिती सर्व्हरवर, अशी सेशनची रीत रुळली. सर्व्हरवरचे प्रोग्राम लिहिण्याच्या पीएचपी या भाषेच्या 2000 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती अंगभूतच होती.

त्याच पीएचपीने एक सोयही देऊन ठेवली होती: फॉर्ममधला प्रत्येक रकाना प्रोग्राममध्ये आपोआप व्हेरिएबल व्हायचा. काम झटपट व्हायचं, पण पत्त्यात एक जादा नाव जोडून परकाही प्रोग्राममधलं व्हेरिएबल भरू शकायचा. 2002 च्या 4.2 आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवली गेली आणि 2012 च्या 5.4 मध्ये काढूनच टाकली.

तीस वर्षांत साधनं बदलली, तरी माहिती वाचकाच्या ब्राउझरमधूनच येते, आणि ब्राउझर वाचकाच्या ताब्यात असतो. म्हणून किंमत, हक्क आणि ओळख यांची खातरजमा दर खेपेस सर्व्हरवरच करा. फॉर्ममधून आलेल्या कशावरही डोळे झाकून विसंबू नका.